जुन्या गावी वाचनास

लाँच बंद असेल त्या दिवसांचं
विलंब शुल्क नाही.
हा नियम मी खडूनं लिहिला, कार्यकारिणीला न विचारता,
आणि पुढे कार्यकारिणीनंच तो
पत्र्यावर रंगवून घेतला.
'शुल्क'मधला शु दीर्घ झालाय. राहू दे.

'ड' वर्ग. मानधन तिमाहीचं, आलं तर.
तिन्ही बाजूंनी कोयनेचं पाणी
आणि चौथ्या बाजूला रान,
रानात अस्वल आहे म्हणतात, म्हणजे चारही बाजू धरा.

बुधवारी लाँचमधून नर्सबाई येतात.
वर्तमानपत्रांच्या टेबलावर दंड ठेवून
माणसं प्रेशर बघून घेतात, तोवर हात मोकळा नसतो
म्हणून मी पानं उलटून देतो.
बाबू ढेबे असाच अडकून
म्हशींच्या रोगांवरचं अख्खं प्रकरण वाचून गेला
आणि दुसऱ्या बुधवारी,
तब्येत ठणठणीत असताना,
पुन्हा बाही वर करून बसला.

रेंज फक्त खिडकीपाशी येते.
तिथं स्टूल ठेवलंय.
धरणग्रस्ताचा दाखला, पेन्शनचं हयातीपत्र,
वाशीच्या मार्केटात ओझी उचलणारा पोरगा,
सगळे त्या स्टुलावर येऊन बसतात.
पोरगा रडला तर मी कपाटामागं जाऊन
कादंबऱ्यांची उगाच मोजणी करतो.
आजवर एकदाही बरोबर आली नाही.

वक्तृत्व स्पर्धा झाली. शाळेत मुलं चार.
पहिला, दुसरा, तिसरा,
आणि संकपाळांच्या मुक्ताला उत्तेजनार्थ.
ती म्हणाली, गुरुजी, मी शेवटची आले का चौथी?
अजून उत्तर सुचलेलं नाही.

श्रीखंडाच्या डब्यात सात चष्मे आहेत,
दीडचे, दोनचे, एक अडीचचा, दांडीला दोरा.
हौसाबाई उतेकर दर पंधरवड्याला दोनचा नेतात.
पुस्तक नको, तांदूळ निवडायचेत.
इश्यू करताना कार्डावर
लेखकाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं,
तर म्हणाल्या, माझंच लिही की.
लिहिलं.

आषाढात वारा फिरला आणि लाँच कलली,
नवा गठ्ठा पाण्यात गेला.
कोंडीबानं उडी मारून आठ पुस्तकं काढली.
चुलीवरच्या फळीवर वाळवली.
ती आता उघडली की पापडासारखी वाजतात
आणि सगळ्या गोष्टींना धुराचा वास येतो.
नववं खाली गेलं,
जिथं आमची आधीची शाळा होती, तिच्या आसपास.
नोंदवहीत 'गहाळ' लिहायला पेन उचललं.
मग लिहिलं:
जुन्या गावी वाचनास.

निरीक्षक साहेबांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं.
हे काय?
मी सांगू लागलो.
खाली लाँचचा भोंगा वाजला. कोंडीबा चाळीस मिनिटंच थांबतो.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, खिडकीतून
बराच वेळ पाण्याकडं पाहिलं,
तिथं दिसण्यासारखं काही नव्हतं.
परतीची मुदत घातली नाही तुम्ही,
एवढंच बोलले, आणि सही करून
घसरत घसरत उतार उतरून गेले.

चष्मा टेबलावरच राहिला.
साताऱ्याला फोन लावला, स्टुलावर उभं राहून.
असू द्या, म्हणाले, पुढच्या तपासणीला नेईन.
डब्यात आता आठ आहेत.
हौसाबाईंनी तो लावून बघितला.
ह्यातनं खडे लांबूनच दिसतात म्हणाल्या,
आणि घेऊन गेल्या.

उद्या लाँच बंद आहे. डिझेल नाही.
पाटीवरचा दीर्घ शु
मी जाता जाता बोटानं जरा खरवडून पाहतो.
निघत नाही.