सपाट राहावा म्हणून

मे महिन्यात फॉर्मॅलिन बदलतो आम्ही.
पोरं सुटीवर. कूलरच्या वाळ्याला पाणी सोडलेलं.
बाहेर धंतोलीचं डांबर मऊ पडलेलं,
आत प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात
डोळ्यांची आग पुसत
मी आणि देवाजी नेवारे
एकेक बरणी उघडतो.

एकशे बारा. कायटन, दोन नग.
आतल्या चिठ्ठीवर काळी शाई अजून शाबूत:
मिऱ्या, रत्नागिरी. ओहोटी. डिसेंबर एकाहत्तर.
सहीचं मात्र नुसतं शेपूट उरलंय.

एक नग वळून सुपारीएवढा गोळा झालेला.
दुसरा काचपट्टीवर सपाट,
पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे.

"याले काहून बांधलं जी?"

सांगते.
खडकावरून सुटला की हा आधी पोट झाकतो.
पाठीवर आठ पट्ट्या, कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या,
भोवती चामड्याची मेखला,
म्हणून वाकता येतं.
आणि वळलेला मेला तर वळलेलाच राहतो.
मग पाय दिसत नाही, कडेचे कल्ले दिसत नाहीत,
परीक्षेत पोरांना आकृती काढता येत नाही.
म्हणून जिवंतपणीच काचेवर ठेवायचा.
काचेला तो खडक समजतो,
सगळ्या पायानिशी धरतो.
तेवढ्यात दोरा आवळायचा.

देवाजी झाकण पुसत राहतो.
"फसवलं म्हना ना."

मी पुढचं सांगू लागते, जरा घाईनंच.
की याला डोकं असं नसतंच, नुसतं तोंड.
की याच्या भावकीतल्या काहींना
कवचातच शेकडो डोळे असतात,
भिंगंसुद्धा दगडाची.
की रात्री, भरतीच्या पाण्याखाली, हा चरायला निघतो,
खडकावरचं शेवाळ खरवडत वीतभर जातो
आणि उजाडायच्या आत
काही जातींत
आपल्याच खळग्यात परत येतो,
अंगाच्या मापानं झिजलेल्या.

कपाटात कागदाच्या पुडीत
एक सुटी जीभ आहे, वाळलेली, रिबिनीसारखी,
दातांच्या काळ्या रांगा.
कूलरच्या दाराचं चुंबक देवाजीनं उपटून आणलं,
कागदाखालून फिरवलं.

जीभ सरकली.
उडाली नाही, चिकटली नाही,
कुणी हाक मारल्यावर
तोंड वळवावं तेवढीच.

"लोखंड खाते काय हे?"
नाही देवाजी. लोखंडानं खातो.

तो हसला नाही. त्यानं पुन्हा फिरवलं.
भंडाऱ्याचा माणूस, समुद्र पाहिलेला नाही.
तलाव पाहिलेत, त्यांना ओहोटी नसते,
फक्त आटणं असतं.
मी म्हटलं, सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड
आणि तिथला काळा दगड
एकाच लाव्ह्याच्या दोन कडा.
इकडची कडा कोरडी राहिली, इतकंच.

मग कात्री त्यानंच मागितली.
मी नियम सांगणार होते.
तीन वेढे, तीनदा कच्.
दोरा सुटला,
काचेवरून मी त्याला अलगद चिमट्यानं उचललं,
आणि खरं सांगते, दोघंही थांबलो,
पंख्याच्या घरघरीत,
तो वळतो का पाहत.

नाही वळला.
चौथ्या-पाचव्या पट्टीच्या मध्ये, मेखलेवर
दोऱ्याची खाच तशीच,
आणि पायाचा तळवा
काचेइतका गुळगुळीत.

दोघांना एकाच बरणीत ठेवलं,
गोळा झालेल्याशेजारी सपाट.
नवं द्रव, नवं मेण.
दोरा देवाजीनं फेकला नाही.
बोटाला गुंडाळून बराच वेळ
दुसऱ्या बरण्या उचलत होता.

नोंदवहीत लिहिलं:
एकशे बारा, नग दोन, द्रव बदलले, दोरा काढला.
पुढे 'शेरा' असा रकाना आहे.
तिथं पेन टेकवलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला,
मग एकशे तेरा उघडली.