तंबूभोवतीचा चर

मंगळवारी दुपारी दोनला नसीफ येतो,
ओली टोपी रेडिएटरवर ठेवतो,
खिशातून वाळलेलं काळं लिंबू काढतो
आणि मोरागच्या किटलीची माफी मागून
चहा स्वतःच करतो.

तिला अरबी येत नाही. त्याची इंग्रजी
बसऱ्याच्या पाटबंधारे खात्यातली:
घनमीटर, गाळ, उतार.
डंडीतल्या या स्वयंपाकघरात दोघांचा मिळून
एक कवी होतो,
हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा,
ज्याचं नाव तीन हस्तलिखितांत
तीन तऱ्हांनी लिहिलंय.

सुरुवात त्या काळच्या रिवाजाची.
कबिला उठून गेलाय.
मागे चुलीचे तीन दगड, काजळलेले,
खुंट्यांची भोकं,
आणि नुई.

‘नुई म्हणजे?’

नसीफ पेन्सिल घेतो. तंबू काढत नाही,
तंबूभोवतीची रेघ तेवढी काढतो.
‘पाऊस आला तर पाणी आत शिरू नये म्हणून
खणायचे. वीतभर खोल.
तोंड उताराकडे. उताराकडेच हं.’

‘ट्रेंच,’ मोराग लिहिते.
‘ते नको.’
‘का?’
‘त्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. खंदक.
त्यात माझा भाऊ आहे.’

(खंदक मला कुणी समजावून सांगायला नको.
तो फार पूर्वीच आला आमच्याकडे
आणि किल्ल्यांभोवती उतरला.
नुई मात्र आला नाही.
मी चर म्हणतोय, आणि माझ्याशी
भांडायला समोर नसीफ नाही.)

ती खोडते.
त्याच शब्दात तिच्या आजोबांचाही एक भाऊ आहे,
फ्रान्सच्या चिखलात,
हे ती सांगत नाही. पेन्सिलीला टोक काढत बसते,
आधीच टोक असलेल्या.

डिच? त्यात शनिवारी रात्री मोटारी पडतात.
गटर? नसीफ पहिल्यांदाच मोठ्याने हसतो.
चॅनल म्हणालात तर मी राजीनामा देतो,
चाळीस वर्षं तेच केलंय.
तीन मंगळवार एका ओळीवर जातात.
चुलीचे दगड थंड, तंबू नाही,
पाण्याला कुठे वळायचं ते सांगायला कुणी नाही.

चौथ्या मंगळवारी मोराग बटाटे सोलतेय.
वडील अँगसच्या शेतांवर नांगर धरायचे,
घरी येताना बूट त्यातच धुवायचे,
आणि तिच्या तोंडून तो निघतो,
पन्नास वर्षांत न उच्चारलेला, शाळेत
ज्याच्यासाठी हातावर पट्टी बसली होती:

शूख.

नसीफ कप खाली ठेवतो.
‘पुन्हा म्हणा.’
‘शूख.’
‘हा ख,’ तो स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवतो,
‘तुम्ही कुठून आणलात?’

लंडनहून संपादकाचं पत्र येतं, सभ्य, छापील:
शब्द सुरेख आहे, पण वाचक अडखळेल.
मोराग मागच्या बाजूला लिहिते,
कवीही तिथेच अडखळला होता,
नाहीतर पुढे निघून गेला असता.
तिकीट लावते. टाकत नाही.
नसीफला विचारून टाकू, म्हणते.

जानेवारीच्या वाऱ्यानं
परसातली लाकडी खोपट उचलून शेजाऱ्याकडे नेली.
तिच्याभोवती नसीफनं शरदात
कुदळीनं, न सांगता, एक शूख खणून दिला होता,
तोंड उताराकडे.

आज पाऊस आहे, टे नदीवरून आडवा येणारा.
मोराग खिडकीत उभी.
पाणी येतं, कोपऱ्याशी थबकतं,
आणि जिथे आता काही नाही
त्या चौकोनाला
नीट वळसा घालून निघून जातं.

दोन वाजून दहा मिनिटं झालीत.
ती किटली ठेवते. लिंबू नाही.