आवाज दोनवर

मे महिन्यातच कार्मनूने टेपरेकॉर्डर काढला,
आवाज दोनवर ठेवला.
भिंतीपलीकडे कुणी खोकावं, इतकाच बार.
पलंगाखाली पुपाचे कान हलले.
त्याने फरशीवर तुकडा ठेवला,
सशाचं काळीज, लसणात परतलेलं,
आणि पाठ फिरवून टोमॅटो चिरत बसला.
बघत राहिलं की ती येत नाही.

जूनमध्ये तीन.
एकदा घाईने पाच केला,
तर ती रात्रभर न्हाणीत, लटलट कापत.
तोही तिथेच बसून राहिला गार लादीवर,
चुकलं बाई माझं, म्हणत.
सकाळी पुन्हा दोन.

टेपमधले बार गेल्या जत्रेतले.
त्याआधीची चोवीस वर्षं
गोझोमधल्या या गावाच्या संतासाठी
शोभेची दारू तोच ठासायचा, कागदी नळकांड्यांत,
लग्नाचे लाडू वळावेत तशा मायेने.
कोठार उडालं त्या सकाळी
तो पाव आणायला गेला होता.
चेन्सू आत होता.
पाव अजून गरम होता, एवढंच तो सांगतो.

ऑगस्ट. जत्रा.
पहिल्या बाराला खिडकीची काच किणकिणली.
पुपाने पलंगाकडे पाहिलं,
मग त्याच्याकडे.
दुसरा.
त्याचा हात हवेतच थांबलेला,
काळजाचा तुकडा चिमटीत तसाच.
तिसऱ्याला तिने तो अलगद काढून घेतला,
दात न लावता,
आणि सगळं वजन टाकून
त्याच्या पायांवर बसली,
चौथ्याची वाट बघत.