चार हजार हर्ट्झ

हॅन्लीच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर
माझी जाड भिंतींची खोली आहे, कपाटाएवढी.
आत बसायचं. बारीकसं 'पीं' आलं की बटण दाबायचं.
काचेच्या अलीकडे मी, अकरा वर्षं.

रेज मॅचिन, एकाहत्तर. जन्म गेला कपबशांच्या भट्टीवर.
आलेखाची रेघ बरी चालत येते
आणि चार हजारांपाशी कड्यावरून पडते.
"कारखान्यात फार आवाज असायचा?"
फॉर्मवर आहे म्हणून विचारते.
"छे गं, बदका." इथे सगळ्यांनाच बदक म्हणतात.
"हा डावा कान टाउन हॉलचा. शहात्तर, नोव्हेंबर.
स्पीकर इथे, मी इथे."
टिश्यूचा खोका आणि माझा स्टेपलर मांडून दाखवतो.
मध्ये वीतभर जागा नाही.

मग ग्लेनिस ब्लूर, शाळेत जेवण वाढायची ती. दोन्ही कान.
मग जुळे भाऊ, एकाचा उजवा, एकाचा डावा,
एकाच स्पीकरच्या दोन बाजूंना उभे राहून.
सगळे सॉल्टग्लेझवाले.
कान गेल्याचं सांगताना कुणी आवाज खाली आणत नाही,
लग्नाची तारीख सांगावी तसं सांगतात.

बँडचं नाव रेजनेच समजावलं:
भट्टी पांढरीफटक तापली की आत मीठ फेकायचं, मूठमूठ.
वाफ मातीला धरते, झिलई चढते
संत्र्याच्या सालीसारखी, खरबरीत.
"व्हर्न टनिक्लिफचा गळा तस्सा.
गुळगुळीत गाणारे काय, पुष्कळ होते."

मशीन बोलणं ऐकायला बनवलेलं असतं.
यांना बोलणं नको होतं.
"दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं," ग्लेनिस म्हणाली,
"जिथे तो वर चढतो आणि उतरायचं विसरतो,
तेवढं दे."
मी एक जादा प्रोग्रॅम भरून दिला.
शिट्टी दाबून टाकणारी सोय त्यात बंद ठेवली,
ती सूरही चिरडते म्हणून.
त्या प्रोग्रॅमला ते 'व्हर्न' म्हणतात.
रेजची बायको सांगते,
बिलांचा विषय काढला की हा व्हर्न लावून बसतो.

माझे बाबा इचलकरंजीत मागावर. छत्तीस वर्षं.
मागच्या दिवाळीत त्यांचा आलेख काढला.
तोच कडा. चार हजार.
कान कशापायी गेला ते रेघेवर उमटत नाही.
विचारलं, मागांचा आवाज आठवतो का?
म्हणाले, आठवायला तो थांबलाय कुठे.

मार्चात लाँग्टनच्या कामगार क्लबात गेले,
रेजने तिकीट काढलं होतं.
व्हर्न सत्त्याहत्तरचा, स्टुलावर बसून.
ड्रमवर मूळ ड्रमरचा नातू.
तिसरं गाणं आलं. ती जागा आली.
व्हर्नने मान मागे टाकली, गळ्याच्या शिरा तटतटल्या
आणि नुसती हवा आली.

कुणी हसलं नाही.
कुणी त्याच्याऐवजी गायलंही नाही.
नीट ऐकू यावं म्हणून
दोनशे माणसांनी कानामागे हात धरले
आणि हातांच्या आडोशाला
माझी मशीनं शिट्टी घालू लागली,
उंच, धारदार, न तुटणारी,
जिथे तो सूर असायचा अगदी तिथे.

चार हजारांच्या आसपास.
म्हणजे त्यांच्यातल्या कुणालाच ऐकू न येणारी.
व्हर्नलाही नाही, त्याचे डोळे मिटलेले.
नातवाने दचकून काठ्या थांबवल्या, माझ्याकडे पाहिलं.
सबंध हॉलमध्ये धड कान आम्हा दोघांचे.

बाहेर, गाड्यांच्या मधून चालताना,
रेज ओरडूनच म्हणाला,
"ऐकलास? अजून लागतो त्याचा!"
त्याला ओठ दिसावेत म्हणून दिव्याखाली थांबले.
"लागला," म्हटलं.

सोमवारी ती सोय सगळ्यांच्या मशीनांत
पुन्हा चालू करायला हवी होती.
फाइल उघडली,
आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.