पुढची विद्यार्थिनी

ग्दिनियाच्या बंदरात अठरा वर्षं
बोगुमिल क्रेन चालवतो.
डावा दांडा आडवं नेतो, उजवा उभं,
दोन हात, दोन कामं, एकमेकांना न विचारता.
पियानोवर मात्र डावा
उजव्यामागे फरफटतो,
जत्रेत हरवायला घाबरणाऱ्या पोरासारखा.

वय एक्केचाळीस. सिनेमांना संगीत द्यायचंय,
त्यावरच पोट भरायचंय.
हे त्याने फक्त हाल्श्काबाईंना सांगितलं.
त्या हसल्या नाहीत. फीही कमी केली नाही.

आज त्याने आणल्यात चार ओळी, स्वतःच्या.
खोडून खोडून कागद मऊ पडलाय.
"इथं एवढा वेळ काहीच नाही?"
"कंटेनर हवेत असतो ना,
तेव्हा खाली कुणी बोलत नाही."
बाई जरा गप्प.
मग म्हणतात, "या स्वराची काडी
दुसऱ्या बाजूला हवी."

वाजवता येत नाही त्याला, आपलंच.
दाराशी याग्ना, सात वर्षांची, बूट ओले.
बाई तिलाच बसवतात.
पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत,
तरी ती वाजवते, पहिल्याच वाचनात,
त्या रिकाम्या जागी
हात उचलून नीट थांबते.

संपल्यावर पान उलटते.
मागं कोरं.
"पुढचं कुठंय?"