मागल्या दारी

फक्कीने मी आखलं:
इथे चूल, इथे ओटा, इथे मासळी धुवायचा दगड.
आत्माराम मेस्त्री म्हणाला, "चिरे दोनशे. पण धूर खंय जातलो?"

वैजू काही बोलली नाही.
एक सोडण पेटवून माडाखाली ठेवलं
आणि पदर खोचून उभी राहिली,
आचऱ्याच्या खाडीवरचा वारा फिरेपर्यंत.
धूर माझ्या चुलीवरून सरळ घरात.

फक्की पुसली. चूल रतांब्याकडे सरकली.
ओट्याची उंची तिच्या कोपरावरून घेतली.
दगडाची जागा मांजरांनी आधीच धरली होती.

राहिली भिंत, पाणंदीकडची.
ती नको, म्हणाली,
वीस वर्षं भिंतीकडे तोंड करूनच भाकऱ्या थापल्या.
कोणी जाता जाता विचारूदे की,
"आज काय गावला?"

मेस्त्रीने चिरे पुन्हा मोजले.
साठ उरले.