दुखणारी की न दुखणारी

घोडबंदर रोडच्या आमच्या दवाखान्यात
काउंटरवर दिवसभर मी एकच विचारते:
दुखणारी देऊ, की न दुखणारी?

दीड महिन्याचं बाळ, दुपट्यातून एक पाय बाहेर.
आई बघते बाबाकडे,
बाबा दरपत्रकाकडे.
कुणाच्या तोंडून निघेल, दुखणारी द्या?

दहा बाटल्यांमागे एक फुकट.
कंपनीचा पोरगा मंगळवारी येतो, डायरी नि पेढे घेऊन.
लसींचा फ्रीजही त्यांचाच.
डबा खाताना त्याची घरघर ऐकते मी,
दारावरचा हसरा जिराफ बघत.
दिवाळीला मलाही पाकीट असतं,
खोटं कशाला बोलू.

काल एकजण आला, पाठीवर जेवण पोचवायची लाल पेटी.
बायको बाळाला घेऊन दारातच उभी.
मोबाईलवर शिल्लक बघून झाली त्याची, दोनदा.
मग म्हणाला,
ताई, दुखणारी कमी लागू पडते का?

असं कुणी विचारलंच नव्हतं.

आत डॉक्टर. मी पावतीबुक मिटलं.
म्हटलं, नाही हो. माझ्या निमिषला तीच दिली,
मानपाड्याला, महापालिकेच्या केंद्रात. पैसे नाहीत.
रात्री अंग तापलं, मांडी लाल झाली,
आम्ही दोघं आळीपाळीने खांद्यावर घेऊन फिरलो.
सकाळी हसला.
बुधवारी जा. नऊच्या आत.

ते गेले. पेटीतलं कुणाचं तरी जेवण
निवत असणार तोवर.

आतून आवाज आला,
कोण होतं गं, हेमांगी?

पत्ता विचारत होते, सर.